एक माणूस नीट बघायचा की सगळ्यांसाठी नियम शोधायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात दर रविवारी सकाळी माझ्याकडे सायकॉलॉजीची एमएची मुलं बसतात, कोणी कळव्याहून येतं, कोणी ऐरोली-घणसोलीहून, आणि रिसर्च मेथड्सचा पेपर जवळ आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. आता ते एकदाचे लिहूनच काढते. विषय मला फार जवळचा आहे त्यामुळे काही ठिकाणी जास्त लिहिलं जाईल, सांभाळून घ्या.

नोमोथेटिक आणि इडिओग्राफिक म्हणजे काय, एकदम सोप्या भाषेत सांगा ना?

आमच्या आईला रात्री साडेदहाला कपभर चहा लागतो आणि तो पिऊन ती दहा मिनिटांत घोरायला लागते. मी संध्याकाळी सातनंतर चहा घेतला तर दोन वाजेपर्यंत पंखा बघत पडून असते. आता "कॅफिनमुळे झोप उशिरा लागते" हे वाक्य खूप लोकांवर प्रयोग करून आलंय आणि ते सगळ्यांबद्दल काहीतरी सांगू बघतं, ही झाली नोमोथेटिक दिशा, म्हणजे सर्वसाधारण नियम शोधायची. आणि "आईच्या बाबतीत काय होतं, कधी होतं, का होतं" हे आईलाच महिनाभर बघून शोधायचं, ही इडिओग्राफिक दिशा. बस, एवढंच आहे. पण या एवढ्याशा फरकावर शंभराहून जास्त वर्षं वाद चाललाय आणि त्याला तसंच कारण आहे.

हे शब्द आले कुठून?

विल्हेल्म विंडेलबांड नावाचा जर्मन तत्त्वज्ञ होता, त्याने १८९४ मध्ये स्ट्रासबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर म्हणून भाषण दिलं त्यात हे दोन शब्द वापरले. ग्रीकमध्ये नोमोस म्हणजे कायदा आणि इडिओस म्हणजे स्वतःचं, खासगी. (आयडियाशी याचा काही संबंध नाही, उत्तरपत्रिकेत "आयडिओग्राफिक" लिहिणारे दरवर्षी सापडतात, प्लीज नका लिहू.) तो सायकॉलॉजीबद्दल बोलतच नव्हता, निसर्गविज्ञानं आणि इतिहास ज्ञान कसं मिळवतात यातला फरक तो सांगत होता. आणि त्याने हेही सांगितलं होतं की फरक पद्धतीचा आहे, वस्तूचा नाही, एकच गोष्ट दोन्ही पद्धतींनी अभ्यासता येते. हे लोक विसरले आणि दोन पार्ट्या पडल्या.

अमेरिकन सायकॉलॉजीत हे शब्द रुळवले गॉर्डन ऑलपोर्टने, १९३७ च्या त्याच्या व्यक्तिमत्त्वावरच्या पुस्तकात. त्याचं म्हणणं होतं की माणूस म्हणजे गुणांच्या यादीवरचे मार्क नव्हेत, ते गुण त्या माणसात एकमेकांत गुंतलेले कसे आहेत ते बघा. पुढे १९६५ मध्ये त्याने एका बाईची पत्रं छापली, टोपणनाव जेनी, ३०१ पत्रं, १९२६ ते १९३७ मधली, एका आईने आपल्या मुलाबद्दल आणि स्वतःच्या एकटेपणाबद्दल लिहिलेली. फक्त एका बाईचा पत्रव्यवहार, पण व्यक्तिमत्त्वाच्या कोर्समध्ये तिचं नाव अजून निघतं.

पण एका माणसावरून काय सिद्ध होणार? सायन्स म्हटलं की सॅम्पल मोठा हवा ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. मग मी विचारते की विसरण्याचा आलेख तुम्ही शिकलात ना, तो किती लोकांवर काढलाय? उत्तर आहे एक. हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग केला, सुमारे २३०० निरर्थक अक्षरजोड्या बनवल्या, त्यांच्या याद्या पाठ करायचा, ठराविक वेळ जाऊ द्यायचा, परत पाठ करायचा आणि किती वेळ वाचला ते मोजायचा, १८८५ मध्ये पुस्तक काढलं. एकच माणूस, पण मोजमापं शेकडो. आणि २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हाही एकाच माणसाने सुमारे ७० तास बसून याद्या पाठ केल्या, आणि आलेख एबिंगहाउसच्या आलेखाशी बऱ्यापैकी जुळला.

दुसरं उदाहरण एच. एम.चं, म्हणजे नाव गुप्त ठेवायला फक्त आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका पेशंटचं. १९५३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं, वय २७, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाचा, मोठा तुकडा काढला. फिट्स कमी झाल्या पण नवीन काही लक्षात राहणं बंद झालं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तुम्ही घरी करून बघा, हात उलटाच जातो, चिडायला होतं. तो तीन दिवस ते करत गेला, रोज चुका कमी होत गेल्या, आणि दर वेळी कागद पुढे आला की त्याच्या लेखी ते पहिल्यांदाच होतं. हाताला आठवत होतं, त्याला आठवत नव्हतं. स्मृती म्हणजे एकच डबा आहे हा समज या एका माणसाने मोडला, त्यासाठी पाचशे माणसं लागली नाहीत. "सगळ्यांमध्ये असंच असतं" असा दावा असेल तर तो खोटा ठरवायला नीट तपासलेला एक माणूस पुरतो.

अर्थात एका केसवरून वाहवत जाणारेही खूप झाले, फ्रॉइडचा लिटल हान्स घ्या, घोड्यांना घाबरणाऱ्या लहान मुलाची १९०९ ची केस, त्या मुलाची बहुतेक माहिती वडिलांकडून आलेली आणि वडील फ्रॉइडच्याच विचारांचे. तिथे अडचण एक माणूस असण्याची नाहीये, माहिती ज्या वाटेने आली त्या वाटेची आहे.

मग सरासरीत वाईट काय आहे? सगळं रिसर्च तर सरासरीवरच चालतं.

सरासरीत वाईट काही नाही, ती ज्या प्रश्नाचं उत्तर नाही तो प्रश्न तिला विचारणं वाईट. इथे जरा थांबते कारण माझ्या मते अख्ख्या विषयाचा गाभा हाच आहे.

एलेन हामाकर नावाच्या संशोधिकेने टायपिंगचं एक उदाहरण दिलंय, ते आपल्याकडे आणून सांगते. सरकारी टायपिंगच्या परीक्षेचा क्लास डोळ्यासमोर आणा, मराठी ३०, मराठी ४० (मिनिटाला तेवढे शब्द), ओळीने बसलेली पोरं. सगळ्यांचा स्पीड आणि चुका मोजल्या तर दिसेल की ज्यांचा स्पीड जास्त त्यांच्या चुका कमी, कारण ती जास्त सराव झालेली पोरं आहेत. आता त्यातली एकच मुलगी घ्या आणि तिला सांगा, आज नेहमीपेक्षा जोरात मार. तिच्या चुका वाढणार. म्हणजे माणसांमाणसांत बघितलं तर स्पीड वाढला की चुका कमी, आणि एका माणसाच्या आत बघितलं तर स्पीड वाढला की चुका जास्त. दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच क्लासमध्ये खरं आहे. पण पहिला निकाल वाचून जर सरांनी त्या मुलीला सांगितलं की "चुका कमी करायच्यात ना, मग फास्ट मार" तर तिची परीक्षा गेलीच.

आणि आपण सायकॉलॉजीत हेच करतो, सारखं करतो! हजार लोकांना एकदाच फॉर्म दिला, ज्यांची चिंता जास्त त्यांची झोप कमी असं निघालं, आणि मग समोर बसलेल्या एका माणसाला सांगतो की तुमची चिंता कमी झाली की तुमची झोप वाढेल. वाढेलही कदाचित. पण त्या आकड्यांनी ते सांगितलेलं नाही, कारण त्यात कोणाचीच चिंता कमी-जास्त होताना कोणी बघितली नव्हती.

पीटर मोलेनारने २००४ मध्ये हे गणिताच्या भाषेत मांडलं. भौतिकशास्त्रातला एक शब्द आहे, एर्गोडिसिटी. गटात दिसणारी रचना आणि एका व्यक्तीत काळानुसार दिसणारी रचना सारखी असायला काही कडक अटी लागतात, सगळ्यांत रचना एकच हवी आणि ती काळाबरोबर बदलायला नको, आणि माणूस तर शिकतो, म्हातारा होतो, थकतो, म्हणजे अटी बहुतेक वेळा मोडतातच. २०१८ मध्ये फिशर, मेडाग्लिया आणि येरोनिमस यांनी खऱ्या डेटावर तपासलं, लोकांची वारंवार घेतलेली मोजमापं घेतली, आणि सरासऱ्या बऱ्यापैकी जुळल्या पण विखुरलेपणा (सरासरीपासून आकडे किती लांब पसरतात तो) व्यक्तीच्या आत गटापेक्षा दोन ते चार पट जास्त निघाला.

म्हणजे "सरासरी माणूस" असा कोणी नसतोच?

अमेरिकन हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्सने ४०६३ पायलट्सची मापं तपासली, छाती, हात, उंची अशी १० मापं, आणि विचारलं की दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास असणारे किती? एकही नाही. ही तर फूटपट्टीने मोजायची मापं होती, मनाची गोष्टच सोडा. १९५२ चा रिपोर्ट आहे.

पण नियम म्हणजे सगळ्यांना लागू, मग सरासरीला नियम म्हणायचं का?

जेम्स लामिएल हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगत आलाय, नोमोथेटिकचा मूळ अर्थ "प्रत्येकाबद्दल खरं" असा होता आणि आपण तो "सगळ्यांच्या बेरजेबद्दल खरं" असा करून ठेवला. एखाद्या विंगमध्ये घरटी दीड मूल निघालं तरी दीड मूल कोणाच्याच घरात नसतं.

खरा नियम कसा असतो ते बघायचं तर अर्न्स्ट वेबर या जर्मन संशोधकाचं काम बघा, एकोणिसाव्या शतकातलं. अर्ध्या किलोच्या पिशवीत एक लिंबू टाकलं तर हाताला कळतं, पाच किलोच्या पिशवीत तेच लिंबू टाकलं तर कळत नाही, फरक जाणवायला किती वजन वाढावं लागेल ते आधीच्या वजनाच्या प्रमाणात ठरतं. हे एकेका माणसाला बसवून, परत परत वजनं उचलायला लावून सापडलंय. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा, पण प्रमाणाची गोष्ट माणसागणिक दिसते. म्हणजे नियम शोधायला एकेका माणसापासूनच सुरुवात केली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

इडिओग्राफिक म्हणजे केस स्टडी ना? मुलाखत घ्यायची, गोष्ट लिहायची, आकडे नकोत?

नाही नाही नाही. "नोमोथेटिक म्हणजे क्वांटिटेटिव्ह, इडिओग्राफिक म्हणजे क्वालिटेटिव्ह" हे वाक्य बहुतेक नोट्समध्ये असतं, आणि ते चूक आहे. वर एबिंगहाउस बघितलात ना, नुसते आकडेच आकडे. जॉर्ज केलीची रेपर्टरी ग्रिड, १९५५ ची, त्यात माणूस जगाकडे कुठल्या जोड्यांनी बघतो ते त्याच्याच शब्दांत काढून मग तक्त्यात मांडतात. वर्तन प्रयोगाने अभ्यासणाऱ्या स्किनरच्या परंपरेत एका प्राण्याचा किंवा एका मुलाचा आलेखच पुरावा असतो. आणि आता मोबाइलवर दिवसातून चार-पाच वेळा छोटे प्रश्न विचारून नोंदी घेतात, त्याला एक्सपिरियन्स सॅम्पलिंग म्हणतात.

मी स्वतः एकदा ६ आठवडे वही ठेवली. तेव्हा ठाण्याहून वाशीला रोज जायचे, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर लाइनची लोकल. दिवसातून चार वेळा अलार्म, आणि अलार्म वाजला की चिडचिड ० ते १०, रात्रीची झोप किती, गाडीत गर्दी किती, शेवटचं खाल्लं कधी. माझी पक्की खात्री होती की गर्दीने माझं डोकं फिरतं, तुर्भ्याला लोटालोटी झाली की मी दिवसभर त्याबद्दल बोलायचे. वही मांडून बघितली तर गर्दीचा आणि चिडचिडीचा काहीच मेळ नाही! मेळ होता तो डब्याशी, जेवायला अडीचच्या पुढे गेलं की संध्याकाळचे आकडे ७-८. इतकी वर्षं मी रेल्वेला बोल लावत होते.

मग खारघरला राहणाऱ्या माझ्या बहिणीने तसंच केलं. तिचं बरोब्बर उलटं, जेवण कधीही झालं तरी चालतं पण गर्दीच्या दिवशी आकडे वर. आम्हा दोघींची सरासरी काढली असती तर "थोडी गर्दी, थोडी भूक" असं काहीतरी आलं असतं आणि ते दोघींपैकी कोणाबद्दलच खरं नसतं.

एक मात्र सांगते, नुसत्या वहीवरून कारण सिद्ध होत नाही. जेवायला उशीर व्हायचा तो कामाच्या दिवशीच, म्हणजे मूळ कारण काम असू शकतं. त्यासाठी मुद्दाम बदलून बघावं लागतं, नाणं उडवून ठरवायचं की हा आठवडा लवकर जेवायचं, तो आठवडा उशिरा, आणि असं बऱ्याचदा. मेडिसिनमध्ये याला एन-ऑफ-वन ट्रायल म्हणतात, कॅनडात गायट आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एकाच पेशंटवर औषध आणि खोटं औषध आलटून-पालटून देऊन ते मांडलं.

एका माणसावरून पुढे सगळ्यांपर्यंत जायचं कसं?

दुसरा माणूस घ्या, तेच परत करा. मग तिसरा. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने लेबोर्न्य नावाच्या पेशंटचा मेंदू दाखवला, त्याला "टॅन" एवढंच बोलता यायचं, पण एका टॅनवर तो थांबला नाही, तशा आणखी केसेस गोळा करत गेला आणि मग बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूशी जोडलेलं आहे असं म्हणाला. मरे सिडमनचं १९६० चं पुस्तक यावरच आहे की व्यक्तीगणिक पुनरावृत्ती कशी करायची. आणि दुसऱ्या माणसात वेगळं निघालं तर तो डेटा खराब म्हणून टाकायचा नाही, वेगळं का निघालं तोच पुढचा प्रश्न.

काउन्सेलर व्हायचं असेल तर इडिओग्राफिकच चांगलं ना? समोर तर एकच माणूस असतो.

समोर एकच माणूस असतो हे खरं, पण इडिओग्राफिक म्हणजे "मला आतून वाटतंय" नव्हे. पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं की पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा असेल तर साधं आकड्यांचं सूत्र अनुभवी क्लिनिशियनच्या (पेशंट तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या) अंदाजाइतकं तरी चांगलं ठरतं, बऱ्याचदा जास्तच. हे पचायला जड जातं, मलाही गेलं. अमुक आजारात कोणती थेरपी बहुतेकांना लागू पडते हे गटावरच्या अभ्यासातूनच कळतं, सुरुवात तिथूनच करायची, आणि मग या माणसाला ती लागू पडतेय का हे दर आठवड्याला मोजायचं. मोजायचं, अंदाज नाही करायचा.

उलट बाजूचं एक घरचं सांगते. भाच्याची दहावी झाल्यावर एका ठिकाणी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट करून घेतली, रिपोर्टमध्ये आकड्यांच्या एका भागात ३८ पर्सेंटाइल आलं आणि तिथल्या मॅडमनी सरळ सांगितलं, "सायन्स नका घेऊ." पर्सेंटाइल म्हणजे इतर मुलांच्या रांगेत तू कुठे उभा आहेस, तेही त्या एका सकाळी. आदल्या रात्री त्याला ताप होता हे कोणी विचारलंच नाही. तो कसा शिकतो, कुठे अडतो, दोन महिने समजावलं तर किती पुढे जातो यातलं त्या रिपोर्टमध्ये काहीच नव्हतं. पोरगं आठवडाभर गप्प होतं घरात. मला अजून राग येतो त्याचा.

परदेशातले नियम आपल्याला लागू होतात का?

काही होतात, काही नाही, आणि तपासल्याशिवाय कळत नाही. २०१० मध्ये हेनरिक, हाइन आणि नोरेनझायन यांनी हा मुद्दा जोरात मांडला, त्यात एक आकडा आहे की मोठ्या जर्नल्समधल्या अभ्यासांत ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले आणि त्या देशांची लोकसंख्या जगाच्या १२ टक्के. म्हणजे ज्याला "मानवी स्वभावाचा नियम" म्हणतात तो बऱ्याचदा कॉलेजच्या पोरांचा असतो.

आपल्याकडे याची पहिली ठेच भाषेत लागते. "मला उदास वाटतं" हे वाक्य फॉर्मवर भाषांतर करून छापलं आणि कळव्यातल्या एखाद्या मावशींना दिलं तर त्या "नाही" वर खूण करतील, आणि पुढच्या मिनिटाला सांगतील की कशात मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोकं जड जड असतं. उदासी होती, फॉर्ममध्ये तिचा शब्द नव्हता. म्हणून आधी चार-पाच माणसांशी निवांत बोला, ती काय शब्द वापरतात ते लिहून घ्या, आणि मग शंभर जणांचा फॉर्म बनवा.

डिझर्टेशनला कोणतं घेऊ? गाईड म्हणतात सॅम्पल १०० हवाच.

आधी प्रश्न काय आहे ते बघा. "ठाण्यातल्या नोकरदार बायकांमध्ये ताण किती आहे" असा प्रश्न असेल तर शंभरही कमीच, आणि ते नीट निवडलेले हवेत, तलावपाळीवर संध्याकाळी बसलेल्यांना वाटलेले फॉर्म नव्हे. पण "ताण वाढला की माणूस काय करतो" असा प्रश्न असेल, ज्यात वाढणं आहे, बदलणं आहे, तर तीच माणसं परत परत बघावी लागतील. ३ जणी, दिवसातून ४ नोंदी, ४२ दिवस, ५०४ नोंदी होतात. गाईडना हा हिशेब मांडून दाखवा, बऱ्याचदा ऐकतात.

परवानगीचं मात्र नीट बघा. शंभरात एक माणूस लपतो, तिघांत लपत नाही. कोपरखैरण्याचा सेक्टर, नवऱ्याचा धंदा, मुलं किती एवढं लिहिलंत की शेजारी ओळखतात. एच. एम.चं पूर्ण नाव, हेन्री मोलेसन, जगाला कळलं ते २००८ मध्ये तो गेल्यावर, तोवर पन्नासेक वर्षं ती दोन अक्षरंच होती.

परीक्षेत "दोन्हींचा मेळ घाला" असा प्रश्न आला तर?

माणूस काही बाबतीत सगळ्यांसारखा, काही बाबतीत काहींसारखा आणि काही बाबतीत कोणासारखाच नाही, हे क्लखोन आणि मरे यांचं म्हणणं लिहा, मग टायपिंगचं उदाहरण द्या, आणि मल्टिलेव्हल मॉडेल या संख्याशास्त्रातल्या पद्धतीत माणसाच्या आतला फरक आणि माणसांमाणसांतला फरक वेगळा काढता येतो एवढं लिहा.

मी स्वतःची वही ठेवून बघू का?

ठेवा की. दोन-तीनच गोष्टी मोजा, जास्त घेतल्या की चौथ्या दिवशी कंटाळा येतो. वेळा ठरवून ठेवा, वाटेल तेव्हा लिहिलं तर फक्त वाईट वेळाच वहीत येतात. राहिलेली नोंद रात्री आठवून भरू नका, मोकळी सोडा. लिहून लिहून जास्तच त्रास व्हायला लागला तर बंद करा आणि कोणाशी तरी बोला, १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे. आणि पहिल्या दिवशी, पहिली नोंद करायच्याही आधी, तुमच्या मते काय निघणार आहे ते एका कागदावर लिहा आणि घडी घालून वहीच्या शेवटच्या पानात ठेवून द्या. माझ्या कागदावर "तुर्भे" लिहिलं होतं.